युरोपच्या कडेवरच्या राष्ट्रांना मान्यता कशी मिळाली : अभ्यासाला सुरुवात कुठून करावी?

प्रश्न
युरोपच्या कडेवरची राष्ट्रे आंतरराष्ट्रीय व्यवस्थेत कशी सामील झाली, या विषयावर मला एम.ए.साठी लघुप्रबंध लिहायचा आहे. ग्रीसपासून बाल्टिक देशांपर्यंतचा पट फार मोठा होतो आणि नुसत्या स्वातंत्र्याच्या तारखा मांडून काही हाती लागत नाही. कोणता देश निवडावा आणि मूळ कागदपत्रांपैकी आधी काय वाचावे, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद
माझ्या मते रोमानिया निवडावा. १८७७ हे त्या देशाने ऑटोमन (तुर्की) साम्राज्यापासून स्वतः केलेल्या स्वातंत्र्याच्या घोषणेचे वर्ष आहे. सर्व महासत्तांची मान्यता मिळायला पुढे जवळजवळ तीन वर्षे गेली आणि अभ्यासाचा खरा ऐवज याच काळात आहे. रशिया-तुर्कस्तान युद्धानंतर महासत्तांनी केलेल्या १३ जुलै १८७८ च्या बर्लिन तहाची ४३ ते ४६ ही कलमे आधी बारकाईने वाचा. स्वातंत्र्य मान्य होते, पण धर्माच्या कारणावरून कोणाचेही नागरी वा राजकीय हक्क नाकारायचे नाहीत आणि दक्षिण बेसारेबिया हा सीमेवरचा प्रदेश रशियाला परत द्यायचा, या अटींवर. ज्या रशियाच्या बाजूने रोमानियन सैन्य त्या युद्धात प्लेवनाला (आजच्या बल्गेरियात) तुर्कांविरुद्ध लढले होते, त्याच रशियाला! त्यानंतर १८६६ च्या राज्यघटनेचे सातवे कलम पाहा. त्यानुसार परकीयांपैकी फक्त ख्रिश्चनांनाच नागरिकत्व मिळू शकत होते आणि पिढ्यानपिढ्या तिथे राहिलेले ज्यूही परकीयच ठरत होते. १८७९ मध्ये हे कलम बदलले खरे, पण जवळजवळ प्रत्येक ज्यू अर्जदाराला संसदेची स्वतंत्र मंजुरी घेणे भाग पडले. शिवाय जर्मन भागधारकांचे पैसे अडकलेली रेल्वे रोमानियाने विकत घ्यावी, यासाठी जर्मनीचा चॅन्सेलर बिस्मार्क याने मान्यता रोखून धरली होती. तो व्यवहार मार्गी लागल्यावर फेब्रुवारी १८८० मध्ये ब्रिटन, फ्रान्स आणि जर्मनीने मान्यता दिली. बहुसंख्य ज्यू मात्र पहिल्या महायुद्धापर्यंत नागरिकत्वाविनाच राहिले.

प्रतिसाद
वरील सल्ल्याशी मी सहमत आहे, पण तुलनेसाठी एस्टोनिया अवश्य घ्यावा. डिसेंबर १९२० मध्ये राष्ट्रसंघाने (लीग ऑफ नेशन्स, पहिल्या महायुद्धानंतरची आंतरराष्ट्रीय संघटना) त्याला प्रवेश नाकारला आणि २२ सप्टेंबर १९२१ रोजी दिला. अल्पसंख्याकांच्या हक्कांची हमी त्याच्याकडेही मागितली गेली. मात्र १९२५ च्या कायद्याने किमान ३,००० लोकसंख्येच्या अल्पसंख्याक समाजांना आपल्या शाळा स्वतःच्या निवडून आलेल्या मंडळामार्फत चालवण्याचा अधिकार मिळाला आणि जर्मन व ज्यू समाजांनी तो प्रत्यक्ष वापरला. याच राष्ट्रसंघाचा भारत ब्रिटिश अमलाखाली असतानाही मूळ सदस्य होता. सदस्यत्वासाठी स्वातंत्र्य अनिवार्य नव्हते, हे प्रस्तावनेत मांडताना हा दाखला उपयोगी पडेल.