नवा नेता आणि आमचे काका

उदासीन माणूस नव्या नेत्यामागे जातो तो त्याच्या तरुणपणाला भुलून, असे म्हटले जाते; मला ते अर्धेच पटते. आमचे थोरले काका बेळगावच्या वडगावात यंत्रमाग चालवतात. बेळगाव महाराष्ट्रात की कर्नाटकात या सीमावादावरचा १९६७ चा महाजन अहवाल, त्याच वादावरचा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात पडून असलेला दावा, हे सारे ऐकून ते इतके विटले होते की, मतदानाच्या दिवशीही माग बंद ठेवत नसत. तेच काका २०२१ च्या लोकसभा पोटनिवडणुकीत बेळगाव महाराष्ट्रात यावे म्हणून लढणाऱ्या महाराष्ट्र एकीकरण समितीचे तरुण उमेदवार शुभम शेळके यांच्या सभेला गुडघेदुखी विसरून गेले आणि परतल्यावर काकूंकडे जुना भगवा फेटा मागू लागले. (काकूंनी तो केव्हाच गोधडीत शिवला होता.) शेळके हरले, तरी त्यांना १ लाख १७ हजारांवर मते पडली. काकांना भुरळ पडली ती वयाची नव्हे. समितीतल्या दुफळीला कंटाळलेल्या माणसाला, या वेळी सगळे एका उमेदवारामागे उभे आहेत, याचेच अप्रूप वाटले. २०२३ च्या कर्नाटक विधानसभा निवडणुकीत समितीची एकही जागा आली नाही, तेव्हा निकाल अर्ध्यावर सोडून ते मागाकडे वळले. मतदार ओळखपत्र मात्र अजून खिशातच असते.