मदत हवी आहे: दोन नाणी, एकावर छापा. उत्तर १/३ की १/२?

नमस्कार मंडळी,

नाशिकरोडला राहणारी माझी भाची अकरावीत आहे. तिच्या वहीतला प्रश्न असा: दोन नाणी फेकली, किमान एकावर छापा आहे, तर दोन्हींवर छापा असण्याची संभाव्यता किती? उत्तर १/३ दिलंय. ती म्हणते, "मामा, या नाण्याचं त्या नाण्याला काय कळतं? १/२च हवं."

सूत्र मला पटतं. नमुना अवकाश, म्हणजे सगळ्या शक्यता: छाछा, छाका, काछा, काका (छा म्हणजे छापा, का म्हणजे काटा). काका बाद (यावर घरात हशा झाला), उरले तीन, त्यातला एक आपला. १/४ भागिले ३/४, म्हणजे १/३. 'पहिल्या नाण्यावर छापा आहे' असं दिलं असतं तर १/४ भागिले १/२, म्हणजे १/२. इथवर ठीक.

अडलंय ते पुढे. मी दोन्ही नाणी तळहाताखाली झाकली, कुठलंही एकच पाहिलं, छापा दिसला आणि म्हणालो, "किमान एकावर छापा आहे." वाक्य तेच, मग उत्तर काय?

तिला आधी गारपिटीचं उदाहरण देणार होतो, एक बाग दिंडोरीत, एक निफाडला. पण शेजारशेजारचे तालुके, ढग एकच, त्या घटना स्वतंत्र कशा धरायच्या? म्हणून नाणीच बरी.

प्रतिसाद १:
तुमच्या खेळात १/२. छाछा असेल तर कुठलंही नाणं पाहा, छापाच दिसणार. छाका किंवा काछा असेल तर तो निम्म्या वेळाच दिसेल. म्हणून वजनं, म्हणजे प्रत्येक शक्यतेचा वाटा, १/४, १/८, १/८; एकूण १/२, त्यातलं निम्मं छाछाचं. वहीतल्या प्रश्नात दोन्ही नाणी पाहून माहिती दिली आहे असं धरलंय, तिथे तिघांचं वजन सारखं. वाक्यापेक्षा ते कसं कळलं हे महत्त्वाचं. गणिती कोड्यांचे लेखक मार्टिन गार्डनर यांनी १९५९ मध्ये हेच कोडं दोन मुलांवरून घातलं होतं आणि प्रश्न संदिग्ध असल्याचं पुढे मान्यही केलं.

भाचीला १०० वेळा फेकायला लावा. काका वगळले की साधारण ७५ उरतील, त्यात छाछा २५च्या आसपास. एकच नाणं बघायचं ठरवलं तर छापा ५०च्या आसपास वेळा दिसेल, छाछा तेवढेच २५.

धागाकर्ता:
आभारी आहे! ४० वेळा फेकलं तर चालेल का? पोरगी कंटाळेल.

प्रतिसाद १:
चालेल, पण छाछा १० ऐवजी ६ किंवा १४ आले तर लगेच सूत्राला दोष देऊ नका.