जागलीसाठी लांब फेकीची बॅटरी: ९०,००० लुमेनवाली घेऊ का?

वावरवाला_सेलू
राम राम मंडळी. आमचं वावर बोर व्याघ्र प्रकल्पाच्या कडेला, सेलू तालुक्यात. हरभऱ्याले घाटे धरले अन् रानडुकरं, रोही (नीलगाय) रोज रात्री येऊन राहिले. पंपाची लाईनही रात्रीचीच, म्हणून ओलितासाठी अंधारातच जावं लागते. मचाणापासून नाल्याच्या झुडपापर्यंत अंदाजे २०० मीटर. तिथं काय उभं आहे ते मले इथूनच दिसलं पाहिजे. ऑनलाइन ९०,००० लुमेनची बॅटरी बाराशे रुपयांत दिसून राहिली. घेऊ का? चार हजारांपर्यंत तयारी आहे.

टॉर्चवेडा_आर्वी
भाऊ, ती अजिबात घेऊ नका. १ लाख लुमेनची इमॅलेंट एमएस१८ नावाची बॅटरी खरोखर आहे, पण तिच्यात १८ एलईडी आहेत आणि थंड ठेवायला आत पंखा लागतो. बाराशेच्या मुठीएवढ्या नळीतून तेवढा उजेड निघतच नाही.

तुमच्या कामाला लुमेनच्या आधी कॅन्डेला पाहा. लुमेन म्हणजे एकूण उजेड, कॅन्डेला म्हणजे झोताच्या मध्यावरचा जोर. डब्यावर छापलेलं अंतर हे झोत ०.२५ लक्सवर उतरतो तिथवरचं असतं, म्हणजे साधारण पौर्णिमेच्या चांदण्याइतका उजेड. कॅन्डेलाचं वर्गमूळ काढून दुप्पट केलं की ते मीटरमध्ये मिळतं: ४०,००० कॅन्डेलाला ४०० मीटर. पण चांदण्यात रोही कोणता आणि झुडूप कोणतं हे समजत नाही. म्हणून छापील अंतराच्या निम्मंच धरा, तिथं उजेड चौपट पडतो. तुमच्या २०० मीटरला ४०,००० कॅन्डेला कमीत कमी हवेत. लाखाच्या घरात असली तर निश्चिंत राहाल.

एवढी फेक छोट्या एकाच एलईडीतून आणि रुंद, खोल, गुळगुळीत रिफ्लेक्टरमधून मिळते. कॉन्व्हॉय सी८+ ही त्या घडणीची, १८६५० मापाच्या सेलवर चालणारी. २१७०० ह्या त्याहून मोठ्या सेलची तशीच तुमच्या पैशांत बसत असेल तर ती आधी पाहा. सोफर्न एसपी३६ सारख्या जाडजूड, अनेक एलईडीच्या बॅटऱ्या मला स्वतःला फार आवडतात, पण त्यांचा उजेड पसरतो. खळ्यावर, अंगणात त्या छान.

टर्बोवर, म्हणजे सगळ्यात जास्त उजेडावर, बॅटरी काही मिनिटांत तापते आणि आपोआप उजेड उतरवते. त्याला बिघाड समजू नका. २००० लुमेनला ढोबळ २० वॅट लागतात आणि ५००० एमएएचच्या सेलमध्ये जेमतेम १८ वॅट-तास असतात, म्हणजे तासाच्या आतच खेळ आटोपला. एरवी ३००-५०० लुमेनवर ठेवा, संशय आला की टर्बो मारा.

सेल मात्र नामांकित कंपनीचाच. १८६५० वर ९९०० एमएएच छापलं असेल तर तो खोटा. चांगल्या सेलची धाव ३५०० च्या आसपास असते. चार्जर ४.२ व्होल्टला आपोआप थांबणारा हवा, आणि राखीव दुसरा सेल भरून खिशात ठेवा.

शेतकरीण_समुद्रपूर
दादांनी दूरचं सांगितलं, मी पायाजवळचं सांगते. दांड फोडायला, पाइप हलवायला दोन्ही हात लागतात, त्यामुळे पसरट उजेडाचा हेडलॅम्प वेगळा घ्याच. रंग ४००० ते ५००० केल्विनचा घ्या. ६५०० चा उजेड निळसर पांढरा पडतो. सीआरआय, म्हणजे उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, ९० च्या वर असला तर पाचोळ्यातली घोणस वेगळी दिसते. माझ्यासाठी लुमेनपेक्षा हे मोलाचं आहे.

वावरवाला_सेलू
ताई, हेडलॅम्पचं काही मनातच नव्हतं. दोन्ही घेतो. अन् झोतात वाघाचे डोळे चमकले तर?

टॉर्चवेडा_आर्वी
झोत घेऊन पुढे जाऊ नका, जवळून पाहायची हौस नको. पाठ न फिरवता हळूहळू मागे सरका, सोबत्याला हाक मारा आणि सुरक्षित जागी पोचल्यावर वनविभागाच्या १९२६ वर फोन करा. एकटं ओलिताला जाऊ नका. जंगलाच्या दिशेनं झोत फिरवत बसू नका, शिकारीचा संशय येतो.

बाकी, तुमच्या नाल्याच्या वाटेवर झाडोरा किती आहे? फांद्या आड येत असतील तर झोत जवळच्या पानांवरच उजळतो आणि मागचं काही दिसत नाही. तसं असेल तर मचाण थोडं उंच करावं लागेल.