निर्गुडीचा अर्क, उंदराचा पंजा आणि न येणारी सूज: डोस वाढवू का?

एमफार्म_दुसरं_वर्ष
निर्गुडीच्या पानांचा इथेनॉलमधला अर्क (सॉक्सलेट उपकरणाने काढलेला) विस्टर उंदरांवर तपासतोय. १५० ते २०० ग्रॅमचे नर, प्रत्येक गटात ६. अर्क २०० आणि ४०० मिग्रॅ/किलो, ०.५ टक्के सीएमसीमध्ये (अर्क तरंगता ठेवणारा निष्क्रिय द्रव) तोंडावाटे. तासाभराने उजव्या मागच्या पंजात १ टक्का कॅराजीनन (समुद्री शेवाळातला, टोचल्यावर सूज आणणारा पदार्थ) ०.१ मिली. स्टँडर्ड, म्हणजे तुलनेसाठीचं सूज उतरवणारं औषध, इंडोमेथॅसिन १० मिग्रॅ/किलो. तिसऱ्या तासाला सुजेने पंजाच्या आकारमानातली वाढ अशी: कंट्रोल (औषध न दिलेला गट) ०.२५ मिली, इंडोमेथॅसिन ०.१५, अर्क ४०० ०.२०. कशातच सांख्यिकी सिग्निफिकन्स नाही. गाइड म्हणतात डोस ८०० करा. करावा का?

पंजा_प्लेथिस्मो
नको. अर्काचा विचार नंतर, आधी कंट्रोलकडे बघा. या वजनाच्या उंदरात ही मात्रा दिल्यावर तिसऱ्या तासाला साधारण अर्धा मिली किंवा त्याहून जास्त वाढ दिसायला हवी. तुमच्याकडे सूजच नीट आलेली नाही, मग कमी काय होणार? इंडोमेथॅसिनसुद्धा वेगळं उठून दिसत नाही, म्हणजे दोष औषधात नाही, मॉडेलमध्ये आहे.

पहिला संशय कॅराजीननवर. लॅम्डा प्रकारचंच हवं. खाद्यपदार्थांसाठी मिळणारं बऱ्याचदा कॅपा असतं, ते जेल धरतं आणि सुजेचा भरवसा राहत नाही. बाटलीवरचा प्रकार वाचा. सलाइनमध्ये भुकटी थोडीथोडी शिंपडत ढवळा. एकदम ओतली की गुठळ्या होतात, त्या सुईत अडकतात आणि प्रत्येक उंदराला वेगळी मात्रा जाते. किमान तासभर फुगू द्या.

दुसरा संशय टोचण्यावर. १ मिलीची ट्युबरक्युलिन सिरिंज, २६ गेजची सुई, तळव्याच्या कातडीखाली बोटांकडून टाचेच्या दिशेने. आत सोडल्यावर काही सेकंद थांबून मगच सुई काढा. लगेच ओढली तर थेंब बाहेर येतो, आणि ०.१ मिलीतला एक थेंब गेला म्हणजे बरंच गेलं.

आकडेमोड_काका
मोजमापाचाही हिशेब बघा. एकच पंजा लागोपाठ तीनदा प्लेथिस्मोमीटरमध्ये (बाजूला सरलेल्या द्रवावरून पंजाचं आकारमान मोजणारं उपकरण) बुडवा. त्या तीन आकड्यांत ०.०५ मिलीचा फरक येत असेल, तर तुमचा ०.२० आणि ०.२५ मधला फरक त्यातच विरून जातो. घोट्याच्या सांध्यावर पक्क्या मार्करने रेघ मारा, दर वेळी तिथपर्यंतच बुडवा, तीन वाचनांची सरासरी घ्या. बुडवणारा माणूस सगळ्या वेळांना एकच असावा आणि कोणता उंदीर कोणत्या गटातला हे त्याला माहीत नसावं. ही शेवटची अट प्रबंधांत हटकून गाळलेली दिसते.

टक्केवारी मूळ आकारमान वजा करूनच काढा: (१ – अर्कगटाची वाढ ÷ कंट्रोलची वाढ) × १००. थेट पंजाच्या आकारमानावर काढली तर सगळेच गट सारखे दिसतात.

आणि पाणी. विंटर आणि सहकाऱ्यांनी १९६२ मध्ये ही पद्धत मांडली तेव्हा प्रत्येक उंदराला तोंडावाटे एकूण ५ मिली द्रव जाईल याची काळजी घेतली होती. रात्रभर उपाशी ठेवलेले उंदीर कमीजास्त पाणी पितात, तशी सूजही कमीजास्त होते.

एमफार्म_दुसरं_वर्ष
बाटलीवर फक्त ‘कॅराजीनन’ लिहिलंय, प्रकार नाही. एक शंका: पहिल्या तासाला ४०० च्या गटात घट बरी दिसते, तिसऱ्याला नाही. याचा अर्थ हिस्टामिनवर परिणाम असा घेता येईल का?

पंजा_प्लेथिस्मो
प्रकार लिहिलेला नसेल तर ती बाटली वापरू नका, लॅम्डा मागवा.

अर्थ आत्ता लावू नका. सूज आणणाऱ्या रसायनांची सर्वसाधारण मांडणी अशी: पहिल्या दीड तासात हिस्टामिन व सेरोटोनिन, मग कायनिन, अडीच तासांनंतर प्रोस्टाग्लँडिन. पण पहिल्या तासाची सूज लहान असते आणि टोचल्याचा मार, आत सोडलेला द्रव हेही त्यात मिसळलेलं असतं. नीट कंट्रोल मिळाल्यावरही असंच दिसलं तर हिस्टामिन टोचून वेगळा प्रयोग हवा. आणि अर्क पोटाच्या पोकळीत टोचायचा मोह टाळा. चिडवणारा कुठलाही पदार्थ तिथे गेला की पंजाची सूज उतरते. औषधी गुण नसलेला अर्कही ‘गुणकारी’ ठरतो.

नैतिक_समिती_सदस्य
८०० बद्दल. समजा १०० ग्रॅम भुकटीतून १२ ग्रॅम अर्क निघाला. उंदराचे ४०० मिग्रॅ/किलो माणसासाठी ६.२ ने (शरीराच्या पृष्ठभागावर आधारलेला गुणक) भागले की सुमारे ६५ मिग्रॅ/किलो; ६० किलोच्या माणसाला जवळपास ४ ग्रॅम अर्क, म्हणजे ३२ ग्रॅम वाळलेली पानं. ८०० केलं तर ६४ ग्रॅम. एवढा काढा कोण पिणार? ओईसीडी ४२३ या विषारीपणाच्या चाचणीनुसार २००० मिग्रॅ/किलोला मृत्यू दिसला नाही, एवढ्यावर डोस चढवत जाणं हे उत्तर नव्हे.

शिवाय बी फॉर्ममध्ये (प्राणी-प्रयोगाच्या मंजुरीचा अर्ज) २०० आणि ४०० लिहून मंजुरी घेतली असेल, तर ८०० चा गट आयएईसीकडून (संस्थेची प्राणी नैतिक समिती) दुरुस्ती मंजूर झाल्याशिवाय सुरू करता येत नाही. त्याच अर्जात फक्त कंट्रोल आणि इंडोमेथॅसिन अशा दोन छोट्या गटांची चाचणी मागा. इंडोमेथॅसिनची घट ठळक दिसेपर्यंत अर्काला एकही उंदीर देऊ नका.