मॅकग्रेगर आडनाव १७०० च्या कागदांत सापडत नाही

प्रश्न: स्कॉटलंडमधल्या पर्थशरचं मॅकग्रेगर घराणं शोधतोय. १८०० नंतरच्या नोंदी मिळतात, त्याआधी सगळं कोरं. घराणं दुसरीकडून आलं असेल का?

उत्तर १: तसं असेलच असं नाही. ते आडनाव लावायलाच बंदी होती. फेब्रुवारी १६०३ मध्ये ग्लेन फ्रूइनच्या दरीत मॅकग्रेगरांनी कोहून घराण्याची कत्तल केली आणि एप्रिलमध्ये प्रिव्ही कौन्सिलने (राजाच्या सल्लागार मंडळाने) हे नावच रद्द केलं; लावणाऱ्याला देहदंड. १६६१ ला बंदी उठली, १६९३ ला पुन्हा आली, ती थेट १७७४ पर्यंत. म्हणून लोक कॅम्पबेल, ड्रमंड, मरे, ग्रॅहम झाले. मॅकग्रेगरांतला प्रसिद्ध बंडखोर रॉब रॉय, तो खुद्द आईकडचं कॅम्पबेल लावत असे.

उत्तर २: उलट्या क्रमाने जा. नागरी नोंदणी १ जानेवारी १८५५ पासूनची. आधी मृत्यूचा दाखला काढा, त्यात आईचं माहेरचं आडनावही असतं. १८५५ चाच जन्मदाखला हाती लागला तर सोन्याहून पिवळं: आईवडिलांचं वय, जन्मस्थळ, लग्नाची तारीख, सगळं त्यात मिळतं. पुढच्याच वर्षी रकाने कमी केले.

त्यामागे पॅरिशची, म्हणजे स्थानिक चर्चच्या हद्दीची, जुनी रजिस्टरं. तिथे ‘मॅक’चं स्पेलिंग एकसारखं नाही, कधी नुसता ‘एम’ आणि वर स्वल्पविराम. आडनावावर अडून राहू नका. गाव, शेताचं नाव, आईचं आडनाव आणि भावंडांची नावं जुळवा. एकाच जोडप्याची मुलं १७७४ आधी ड्रमंड आणि नंतर मॅकग्रेगर दिसली, तर धागा लागला समजा. मात्र प्रत्येक ड्रमंड मूळचा मॅकग्रेगर नव्हे, ही घाई फार जण करतात.