‘पर्गेटरी’ला मराठीत काय म्हणावं?

दादरची अनुवादक: एका इंग्रजी कथेत वांद्र्याची आजी रोज रात्री पर्गेटरीतल्या आत्म्यांसाठी प्रार्थना करते. मला ‘त्रिशंकू’ सुचतंय, मैत्रीण म्हणते ‘छोटा नरक’ लिही.

ओर्लेमकर: दोन्ही नको. रखडलेल्या रिडेव्हलपमेंटच्या बातमीत ‘त्रिशंकू’ खुशाल लिहा, पण इथे अर्थच उलटतो. त्रिशंकू लटकला तो लटकलाच. पर्गेटरीतला आत्मा मात्र स्वर्गात जाणार हे पक्कं असतं, तिथून नरकात जायची वाटच नाही. देवाच्या कृपेत मेलेला, पण अजून पुरता शुद्ध न झालेला, अशांसाठी ती अवस्था. मराठी मिस्सेत, म्हणजे कॅथलिक चर्चमधल्या उपासनेत, तुम्हाला ‘शुद्धिस्थान’ ऐकू येईल.

गिरगावकर: कन्फेशनमध्ये पाप माफ झालं ना? मग परत हे कशाला?

ओर्लेमकर: दोष जातो, पण पापाची लागलेली ओढ आणि मागे राहिलेलं देणं उरतं. खालच्या मजल्यावरच्यांनी गळतीबद्दल माफ केलं, तरी त्यांच्या छताचे पोपडे कुणीतरी दुरुस्त करायचेच असतात.

गिरगावकर: म्हणजे आपल्या श्राद्धासारखंच की.

ओर्लेमकर: जिवंतांनी मेलेल्यांसाठी काही करायचं, इतपतच. पुनर्जन्म यात नाही. २ नोव्हेंबरला कबरी धुऊनपुसून फुलं-मेणबत्त्या लावतो, तो याच प्रार्थनेचा दिवस. मिस्सेसाठी मृतांच्या नावांची यादी पाकिटात घालून देतात. आमच्या आईच्या यादीत तळाला एक ओळ ठरलेली: ‘ज्यांच्यासाठी मागणारं कुणी नाही, ते सगळे.’

मुलुंडची वाचक: ‘स्थान’ मला खटकतं. पोप जॉन पॉल दुसरे यांनी ऑगस्ट १९९९मध्ये स्पष्ट सांगितलं होतं की ही जागा नव्हे, अस्तित्वाची अवस्था आहे. लॅटिन मूळही ‘स्वच्छ करणे’ एवढंच सांगतं. ‘अंतिम शुद्धीकरण’ का नको?

ओर्लेमकर: धर्मशिक्षणाच्या पुस्तकात चालेल, पण आजी अंतिम शुद्धीकरणासाठी जपमाळ ओढताना डोळ्यांपुढे येत नाही! निवेदनात ‘शुद्धिस्थानातले आत्मे’ लिहा, तिच्या तोंडी ‘पर्गेटरी’च राहू दे.

मुलुंडची वाचक: हे पटलं. फक्त आजी कॅथलिकच आहे ना, एवढं बघा. प्रॉटेस्टंट पंथ ही शिकवण मानत नाहीत. मृतांसाठी प्रार्थनेचा आधार म्हणून दाखवतात तो मक्काबींचा दुसरा ग्रंथ त्यांच्या बायबलच्या प्रमाण ग्रंथांत धरलेला नाही. कॅथलिक चर्चच्या ट्रेंटच्या परिषदेने १५६३मध्ये शिकवण कायम ठेवली, ती याच वादात. आजी मेथडिस्ट निघाली तर शब्द कुठलाही घ्या, प्रार्थनाच चुकलेली असेल.