मदत हवी आहे: कसारा घाटासाठी हायड्रोजन ट्रक की बॅटरीचा?

नमस्कार मंडळी. आमचे ट्रक नाशिकहून न्हावाशेवा बंदराला द्राक्षांचे रीफर (माल थंड ठेवणारे) कंटेनर नेतात. पुढची गाडी डिझेलची नको, हे घरात पक्कं झालंय.

पाण्यापासून एक किलो हायड्रोजन बनवायला 50-55 युनिट वीज लागते, आणि ट्रकमधल्या फ्युएल सेलमधून (हायड्रोजनपासून वीज बनवणाऱ्या यंत्रातून) जेमतेम 16-18 युनिट परत मिळतात. बॅटरीत नासाडी फारच कमी, शिवाय घाट उतरताना ब्रेकिंगमधून थोडं चार्जिंगही होतं. मग टाटांनी 2025 मध्ये हायड्रोजन ट्रकच्या चाचण्या का सुरू केल्या? बॅटरीचं वजन आणि चार्जिंगचा वेळ, एवढंच कारण की आणखी काही? मला खरी धास्ती बंदराबाहेरच्या रांगेची आहे. तिथे कंटेनरचं कूलिंगही चालू ठेवावं लागतं.

परतीचा भरलेला कंटेनर घेऊन कुणी इलेक्ट्रिक ट्रक कसाऱ्यावर चढवलाय का? चार्ज किती टक्के उतरला, प्लीज सांगा.